मदत हवी आहे: दोन-तीन पाण्यांवर कोकणात गहू होईल का?

नमस्कार मंडळी. गाव गुहागरजवळ. भात कापल्यावर 10 गुंठ्यांचं खाचर मोकळं राहतं. नेहमी वाल टाकतो, यंदा बायकोला घरच्या गव्हाची हौस आलीय! आता चेष्टा होणार, ठाऊक आहे.

अडचण पाण्याची. विहीर जानेवारीअखेर तळ गाठते, म्हणजे जास्तीत जास्त तीन पाणी. माती जांभ्याची; वरून कोरडी, पण वीतभर खणलं की अजून मुठीत गोळा होतो.

वाचलंय की निफाडच्या संशोधन केंद्राचा नेत्रावती हा गव्हाचा वाण कमी पाण्यावर येतो आणि पंचवटी हा वाण जिरायतीसाठी आहे. पाणी एकच असेल तर पेरणीनंतर 40-42 दिवसांनी द्यावं, दोन असतील तर 20-22 आणि 60-65 दिवसांनी, तीन असली तर तिन्ही वेळा. पण हे सगळं घाटावरच्या काळ्या, ओल धरणाऱ्या जमिनीचं. आमच्याकडे मुळं खाली जाण्याआधीच कातळ लागतो, आणि थंडी म्हणजे पहाटेपुरती.

कोणी किनारपट्टीला प्रत्यक्ष पेरलाय का? कुठला वाण, दाणा भरला की चिमला? तिसरं पाणी हुकलं तर काय झालं? पेरणी तोंडावर आलीय, लवकर सांगा.