फुटपाथवरच्या कुटुंबाचा पहिला कागद कोणता काढावा?

पुलाखालची_शाळा
दादर पश्चिमेला उड्डाणपुलाखाली राहणारं कुटुंब आहे. नवरा-बायको, सासू आणि तीन मुलं (११, ७ आणि २ वर्षं). गजरे वळून विकतात. नवऱ्याकडे आधार आहे, पण गावच्या, म्हणजे जालना जिल्ह्यातल्या पत्त्यावरचं. गावच्या शिधापत्रिकेत नाव फक्त त्याचं आणि सासूचं. बायकोकडे एकही कागद नाही. थोरली मुलगी गावी घरातच जन्मली, तिची नोंद नाही. धाकटी दोघं इथे महापालिकेच्या रुग्णालयात झाली, पण दाखले काढलेले नाहीत. आधार केंद्रावर गेलं की पत्त्याचा पुरावा मागतात आणि पत्त्याचा पुरावा काढायला गेलं की आधार मागतात. सुरुवात कुठून करावी?

रात्रीची_फेरी
नवऱ्याच्या मतदार नोंदणीपासून. पत्त्याचा कागद न मागता पत्ता मान्य करणारी सोय तिथेच आहे, म्हणून हा चक्रव्यूह तिथून फुटतो.

बेघर माणसाने अर्जात जी जागा लिहिली असेल तिथे मतदान केंद्राचा अधिकारी (बीएलओ) रात्री येऊन माणूस खरंच तिथे झोपतो का ते पाहतो. एकदा नाही, एकाहून जास्त रात्री. त्याची खात्री पटली की राहण्याच्या जागेचा कागदी पुरावा लागत नाही. हा निवडणूक आयोगाचाच नियम आहे. वयासाठी नवऱ्याचं आधार चालतं, त्यावरचा पत्ता गावचा असला तरी.

पण आधी गावच्या यादीत त्याचं नाव शोधा. नाव असेल तर नवीन नोंदणीचा फॉर्म ६ भरायचा नाही, स्थलांतराचा फॉर्म ८ भरायचा. गावचं नाव लपवून इथे नवीन नोंद केली की दोन ठिकाणी नाव होतं, आणि खोटं निवेदन हा गुन्हा आहे. १९५० या मतदार हेल्पलाइनवर फोन केलात तर यादी क्रमांक आणि बीएलओ दोन्ही कळतील.

अर्ज बहुतेक वेळा बाद होतो तो पत्त्याच्या रकान्यामुळे. ‘पुलाखाली, दादर’ एवढं लिहिलं तर बीएलओ कुठल्या पुलाखाली, कुठल्या टोकाला शोधणार? रस्त्याचं नाव, समोरच्या दुकानाचं किंवा बस थांब्याचं नाव, पुलाच्या खांबाचा नाहीतर दिव्याच्या खांबाचा क्रमांक, आणि कोणत्या बाजूचा फुटपाथ, इतकं लिहा. ‘खांब क्र. अमुक, पश्चिमेचा फुटपाथ, औषधांच्या दुकानासमोर’ असं वाचून नवखा माणूससुद्धा टॉर्च घेऊन पोचला पाहिजे.

दुसरी अडचण वेळेची. गजरेवाले फुलबाजारासाठी पहाटे तीन-चारला उठून जातात, त्यामुळे बीएलओला फोन करून रात्री दहा ते बाराच्या दरम्यान यायला सांगा. पावसाळ्यात माणसं जागा बदलतात, तेव्हा जून ते सप्टेंबरमध्ये अर्ज करू नका. पात्रतेच्या तारखा आता वर्षातून चार आहेत (१ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर), पण नवरा अठराच्या पुढचाच असल्याने त्याला तारखेसाठी थांबायची गरज नाही.

मतदार ओळखपत्र आलं की तेच दाखवून नवऱ्याच्या आधारवरचा पत्ता बदलता येतो. मग बाकीच्यांचं काम सुटतं.

जन्ममृत्यू_खिडकी
वरची साखळी बरोबर आहे, पण बीएलओची वाट पाहत बसू नका. धाकट्या दोघांचे दाखले याच आठवड्यात काढायला घ्या.

जन्माची नोंद कुटुंब जिथे राहतं त्या वॉर्डात नसते, रुग्णालय ज्या वॉर्डात आहे तिथल्या आरोग्य खात्याकडे असते. चुकीच्या वॉर्डात गेलं की ‘नोंद सापडत नाही’ हे उत्तर मिळतं आणि लोक समजतात की नोंद झालीच नाही. जाताना प्रसूतीची तारीख, रुग्णालय आणि प्रसूतीच्या वेळी आईने सांगितलेलं नाव न्या. माहेरचं आडनाव लिहिलेलं असतं, घाईत भलतंच नाव पडलेलं असतं. डिस्चार्ज कार्ड किंवा लसीकरणाचं कार्ड कुठल्या पिशवीत सापडलं तर त्यावरची अक्षरं जशीच्या तशी उतरवून घ्या.

दाखल्यात बाळाच्या नावाची जागा कोरी असेल तर घाबरू नका. नाव जन्मापासून १ वर्षात विनाशुल्क आणि १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून घालता येतं. आईवडिलांच्या नावाचं शुद्धलेखन मात्र वडिलांच्या आधारशी त्याच वेळी जुळवून घ्या, पुढच्या प्रत्येक खिडकीवर तेच तपासलं जातं.

थोरलीचं प्रकरण वेगळं. एक वर्ष उलटून गेलेल्या जन्माच्या नोंदीला दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. ते काम गावाकडून होईल आणि वेळ खाईल. तोवर तिला ताटकळत ठेवू नका.

पुलाखालची_शाळा
म्हणजे तिला दाखल्याशिवाय शाळेत घेतील?

जन्ममृत्यू_खिडकी
घ्यावंच लागतं. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १४: वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. पालकांचं वयाबद्दलचं लेखी निवेदन चालतं. कलम ४ प्रमाणे ११ वर्षांच्या मुलीला वयानुरूप वर्गात, म्हणजे साधारण पाचवी-सहावीत बसवायचं आणि मागे राहिलेला अभ्यास वेगळा शिकवायचा. तिला पहिलीत बसवू देऊ नका, ती महिन्याभरात शाळा सोडेल. आणि निवेदनात जी जन्मतारीख लिहाल तीच शाळेच्या जनरल रजिस्टरात जाते, पुढे आयुष्यभर चिकटते. आईला बाजूला बसवून सण, पाऊस, पेरणी असं विचारत महिना नक्की करा, मग लिहा.

ठसा_उमटत_नाही
बायकोच्या आधारबद्दल.

पहिला प्रश्न: लग्नाआधी माहेरी कधी डोळे-बोटं देऊन नोंदणी केली होती का? शाळेत, शिबिरात, कुठेही. केली असेल आणि आता पुन्हा केली तर बायोमेट्रिक जुळून नवी नोंद डुप्लिकेट म्हणून बाद होते. लोक तीन-तीनदा नोंदणी करतात आणि केंद्रवाल्याला शिव्या देतात.

खरंच केली नसेल तर दोन वाटा आहेत. एक, नवऱ्याला कुटुंबप्रमुख धरून. त्यासाठी नात्याचा पुरावा लागतो आणि पत्ता नवऱ्याच्या आधारवरचा येतो, म्हणून त्याचा पत्ता आधी इथला झालेला बरा. लग्नाची नोंदणी नसेल तर ही वाट अडते. दुसरी, ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र: खासदार, आमदार, नगरसेवक, गट ‘अ’ राजपत्रित अधिकारी किंवा तहसीलदार देऊ शकतात. मान्यताप्राप्त निवारागृहाचे अधीक्षकही तिथे राहणाऱ्यांना देतात. ते दिल्यापासून ३ महिनेच चालतं. सही-शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर हवा. एकही खाडाखोड नको, व्हाइटनर तर नकोच.

१८ वर्षांवरच्या नव्या नोंदणीची राज्य सरकारकडून पडताळणी होते, सहा महिनेही लागू शकतात. तेवढे दिवस पावती जपा. १४ अंकी नोंदणी क्रमांक आणि त्याखालची तारीख-वेळ दोन्ही लागतात. उन्हात पावतीची शाई उडते, म्हणून लगेच फोटो काढा.

दोन वर्षांच्या बाळाचे ठसे घेत नाहीत, फोटो आणि आई किंवा वडिलांच्या ठशावर काम होतं.

सूत-सुई आणि ओल्या फुलांत हात असलेल्यांचे ठसे नीट येत नाहीत. नोंदणीच्या दिवशी गजरे वळू नयेत, हात कोमट पाण्याने धुऊन कोरडे करावेत.

केशरी_कार्ड
रेशनमध्ये घाई करू नका. गावचं कार्ड रद्द करून इथे नवीन काढायचा सल्ला बरेच जण देतात, तो महागात पडतो. गावचं कार्ड अन्नसुरक्षा कायद्यातलं असेल तर नवरा आणि सासूच्या वाट्याचं धान्य (प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो) दादरच्या रेशन दुकानातही अंगठा लावून मिळतं, नाव न हलवता. अट इतकीच की दोघांचं आधार रेशन कार्डाशी जोडलेलं आणि ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) झालेलं हवं.

नाव कमी करून इथे केशरी कार्ड मिळालं तरी धान्य सुरू होईलच असं नाही. राज्याला अन्नसुरक्षेची मर्यादा सुमारे ७ कोटी माणसांची आहे, त्यात जागा रिकामी असेल तरच नाव बसतं. हातात कार्ड, पिशवी रिकामी. बायको-मुलांची नावं आधार आल्यावर तहसीलच्या पुरवठा शाखेतून गावच्याच कार्डात घाला.

रात्रीची_फेरी
एक राहिलं. अतिक्रमणाची गाडी येते तेव्हा गाठोडंच्या गाठोडं उचलून नेते आणि कागद त्यातच असतात. मूळ कागद झिपवाल्या प्लास्टिक पिशवीत घालून बाईच्या कमरेच्या बटव्यात, गाठोड्यात नाही. झेरॉक्सचा एक संच ओळखीच्या दुकानदाराकडे. सगळ्यांचे फोटो तुमच्या शाळेच्या फोनवर, त्यांची परवानगी घेऊन. आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर रिचार्जअभावी बंद पडू देऊ नका. नंबर गेला की ओटीपी येत नाही आणि घरबसल्या होणाऱ्या प्रत्येक कामासाठी पुन्हा केंद्राची रांग.

पुलाखालची_शाळा
नवऱ्याचं नाव गावच्या यादीत सापडलं, म्हणजे फॉर्म ८. खांबाचा क्रमांक रंगाखाली गेलाय, पुसून वाचतो.