पाहुणे निघताना त्यांच्यासमोर सामान मोजून घ्यावं का?

दांडियाबाजार

माझं मत आधीच सांगून टाकते. चार दिवसांसाठी घर भाड्याने देणाऱ्याने सामानाची यादी करावी आणि पाहुणे निघताना ती त्यांच्या देखत तपासावी. कितीही अवघड वाटलं तरी.

बडोद्यात हा उद्योग आता बऱ्याच घरांत आहे. २०१८ च्या ऑक्टोबरात केवडियाला सरदारांचा पुतळा उभा राहिला, तेव्हापासून पाहुण्यांना हंगाम असा उरला नाही. पावागड-चांपानेर आहेच. नवरात्रात परदेशातून गरब्यासाठी येणाऱ्यांना तर हॉटेलं पुरत नाहीत. आमच्या जुन्या घराचा वरचा मजला आम्ही देतो. यंदाच्या नवरात्रात आलेल्यांनी मागे ठेवलं ते असं : दोन टॉवेल गायब, उरलेल्यांवर मेंदी आणि काजळ, संखेड्याच्या लाखकामाच्या खुर्चीच्या हातावर गरम पातेल्याचा पांढरा गोल, आणि पानाच्या डब्यातला पितळी अडकित्ता नाही. मोराच्या आकाराचा, आजेसासूबाईंचा. चोचीशी सुपारी कातरायची धार, शेपटीकडे दोन दांडे, आणि जोडाचा खिळा इतका सैल झालेला की हातात घेतला की खुळखुळायचा.

टॉवेलांचं मी मनावर घेत नाही. खुर्चीचं वाईट वाटलं, पण तो अपघात. अडकित्ता मात्र चुकून कोणाच्या बॅगेत जात नाही. आणि तो नाही हे कळल्यावर घरात पहिलं वाक्य काय उमटलं? "बेनला विचारलं का?" आमच्याकडे सफाईला येणाऱ्या बेन माझं लग्न होऊन मी या घरात आले त्याच्याही आधीपासून आहेत. पण पाहुणे अकराला गेले, बेन बाराला वर गेल्या, म्हणजे खोलीत शेवटी पाऊल त्यांचं. त्यांना कोणी काही बोललं नाही. तरी त्यांना कळलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःची पिशवी माझ्यासमोर ओट्यावर उपडी केली.

यादी मला त्यांच्यासाठी हवी आहे. घरात दोघांचा विरोध आहे. इथे काय मत?

कमाटीबाग

साफ विरोध. पैसे भरून आलेल्या माणसाला दारात थांबवून चमचे मोजायचे? लग्नघरात आहेराची पाकिटं पाहुण्यासमोरच फोडून बघण्यातला प्रकार झाला हा.

फत्तेगंजला माझ्या खोल्या आहेत, विद्यापीठात परीक्षेला येणाऱ्या मुलांचे पालक, लग्नाची वऱ्हाडं, सगळे राहून जातात. माझा हिशेब सरळ आहे. टॉवेल, कप, चादर, रिमोट, इस्त्री या गोष्टी झिजणार, फुटणार, जाणार. ते भाड्यातच धरायचं. शेव-उसळीची तर्री पांढऱ्या चादरीवर सांडली तर मी पाहुण्याला फोन करत नाही, पुढच्या वेळी गडद चादर घालतो. शंभरातला एक उचलतो म्हणून नव्व्याण्णवांची झडती घ्यायची ही कुठली रीत?

आणि स्पष्ट बोलतो, राग मानू नका. अडकित्ता तिथे ठेवलात कशाला? फोटोत जुनं बडोदं दिसावं म्हणून. त्या जुनेपणाचं भाडं तुम्ही जास्त लावलंत. मग जोखीमही तुमचीच.

गोत्रीरोड

तुमच्याकडून वस्तू जातात, आमच्याकडे वाढतात. मागच्या पाहुण्यांनी माळ्यावर रिकाम्या बाटल्या लपवून ठेवल्या होत्या. १९४९ पासूनची दारूबंदी, भंगारवाला हात लावत नाही, कचऱ्याच्या गाडीत टाकाव्या तर शेजारचे काका गच्चीवर उभे. यादीत "काय जास्त निघालं" असा एक रकाना ठेवा.

पाव्हणा_पुणेरी

मी दुसऱ्या बाजूचा, म्हणजे नेहमी पाहुणा. (बहीण मांजलपूरला, पण तिचं घर लहान.)

एका शहरात, शहराचं नाव घेत नाही, न्हाणीघरातल्या आरशाला आम्ही पोचलो तेव्हाच खालच्या कोपऱ्यात तडा होता. प्रवासाने दमलो होतो, बोललो नाही. निघाल्यावर मालकाचा मेसेज : आरसा फोडलात, डिपॉझिटमधून कापतोय. आता मी काय सिद्ध करणार? त्याच्याकडे फोटो होता, कधीचा कोण जाणे.

त्यामुळे यादीला माझी हरकत नाही, पण ती आल्या आल्या दाखवा. "हे आहे, हे असं आहे, या टिपॉयला आधीच ओरखडा आहे", एवढं म्हणून पाहुण्याची सही घ्या. फक्त निघताना मोजणार असाल तर ती झडतीच. इथे मी कमाटीबाग यांच्या बाजूचा.

निवृत्त_मास्तर

महाराज सयाजीरावांच्या या नगरीत पाहुण्याला संशयाने बघायची वेळ यावी याचं वाईट वाटतं. आमच्या लहानपणी गावाहून आलेला माणूस महिनाभर राहायचा, कोणी वाटी मोजली नाही. अतिथी देवो भव.

अलकापुरीतली

मास्तर, तो देव ऑनलाइन पैसे भरून, "गीझर मंद आहे, तीन स्टार" असं लिहून जात नव्हता. आणि महिनाभर राहणारा तो पाहुणा सगळ्यांच्या ओळखीचा असायचा. वाटी नेली असती तर पुढच्या लग्नात सगळ्या गोताला कळलं असतं. तेव्हा वाट्या मोजाव्या लागत नव्हत्या त्याचं कारण तेच. आता येणाऱ्याचं आडनावही आपल्याला ॲप सांगतं तेवढंच.

दांडियाबाजार, यादीपेक्षा व्हिडिओ करा. मी पाहुणे यायच्या आधी प्रत्येक खोलीतून फोन फिरवते, कपाटं उघडून, ड्रॉवर ओढून, आणि ते गेल्यावर पुन्हा. चार मिनिटं लागतात. कोणाला अवघडायला होत नाही. घरात कॅमेरा लावायच्या फंदात पडू नका. एअरबीएनबीने तर ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आत कॅमेरा ठेवायलाच बंदी केली आहे, बैठकीच्या खोलीतसुद्धा. आणि ते नसतं तरी मला कोणी झोपाळ्यावर बसलेलं बघत बसलं असतं तर आवडलं नसतं.

भरपाई मागायची असेल तर तिथली मुदत लक्षात ठेवा : पाहुणा गेल्यापासून १४ दिवस. आधी पाहुण्याकडे मागायची, त्याने २४ तासांत दिली नाही किंवा नाकारली की मग कंपनीकडे जायचं. तिथे फोटो आणि किंमत विचारतात. आजेसासूबाईंच्या अडकित्त्याची पावती कुठून आणणार, हा प्रश्न उरतोच.

रावपुरा_वकील

कायद्याचं थोडक्यात. कोणी उचलून नेलं तर ती चोरीच, "सुव्हेनिअर" म्हटल्याने बदलत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. कलम ३०३ मध्ये नवी तरतूद आली : वस्तूची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरलेला, आणि वस्तू किंवा तिची किंमत त्याने परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. राहत्या घरातली चोरी मात्र कलम ३०५ मध्ये जाते, तिथे सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कागदावर हे सगळं दणदणीत दिसतं. ठाण्यात पहिला प्रश्न येईल तो असा : वस्तू त्या दिवशी तिथे होती हे कशावरून?

दुसरं, काही मालक नियमांत "टॉवेल हरवल्यास ५,००० दंड" असं ठोकून देतात. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा असते, मिळते ती वाजवी भरपाई. तीनशेच्या टॉवेलचे पाच हजार कोणतंही कोर्ट देणार नाही. असं लिहून फक्त चांगला पाहुणा घाबरतो.

कमाटीबाग

वकीलसाहेबांनी माझंच म्हणणं सिद्ध केलं. पुरावा नाही, वसुली नाही, ठाण्यात खेटे. मग उरतो फक्त पाहुण्याचा अपमान.

२०१९ चा बालीतला व्हिडिओ आठवतो? हॉटेलवाल्यांनी एका भारतीय कुटुंबाच्या बॅगा बाहेर सगळ्यांसमोर उघडल्या, हेअर ड्रायर, टॉवेल, शोभेच्या वस्तू एकेक काढल्या. त्यांचं चुकलंच, वाद नाही. पण जगभर तो तमाशा फिरला. आपल्याला दारात ते करायचंय का?

अलकापुरीतली

त्या व्हिडिओत तो माणूस काय म्हणत होता तेही आठवा : "पैसे देतो." म्हणजे पकडला गेला की ती खरेदी, नाही पकडला गेला की आपलीच. तुमचं "भाड्यात धरा" हेही त्याच वळणाचं आहे, फक्त मालकाच्या बाजूने. उचलणाऱ्याचे पैसे न उचलणाऱ्यांकडून घ्यायचे. नव्व्याण्णवांचा एवढा कळवळा आहे तर त्यांना जास्तीचं भाडं का?

संखेड्याचा_जावई

जरा अवांतर. दांडियाबाजार, त्या खुर्चीला खोबरेल चोळू नका, सगळे तेच सांगतील. संखेड्याच्या कामावर लाखेचा थर असतो. खाली कथिलाची नक्षी, ती अकीकाच्या दगडाने घासून चकाकी आणलेली, वर लाख. लाख उष्णतेला नरम पडते, म्हणून पातेलं ठेवलं की थर उठतो. नीट करायचं तर खराडी, म्हणजे लाकूड कातणारा कारागीर, तो भाग सुटा करतो, लेथवर चढवतो आणि फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवतो. जिथल्या तिथे होत नाही. एक हात केला की दुसऱ्या हाताचा रंग जुना दिसतो, मग दोन्ही करावे लागतात. खर्च विचारून ठेवा. आणि टेबलावर चार लाकडी पाट ठेवा, पाहुणे आपणहून वापरतात.

वाडीतला

मी इथे फारसं लिहीत नाही. माझी आई तीस वर्षं लोकांच्या घरी भांडी घासायची, त्यातली बरीच वर्षं बडोद्यातच, मराठी घरांत.

ताईंचा हेतू चांगला आहे, पण यादीने बेन सुटतील असं मला वाटत नाही. यादी तपासणार कोण? पाहुणे सकाळी सहाच्या गाडीने निघाले तर तुम्ही वर जाणार का? नाही, बेनलाच सांगाल, "जरा बघून घ्या." मग काही कमी निघालं तर पाहुण्याच्या तोंडावर "हे नाही" असं म्हणायचं काम त्यांचं. पाहुणा सुटाबुटातला, तो म्हणणार, "काल तुम्हीच तर साफ करत होतात." आज निदान संशय न बोललेला आहे, तेव्हा कागदावर येईल. खाली सही बेनची.

आईच्या एका घरी रात्री निघताना भांडी मोजून द्यायची पद्धत होती. ती म्हणायची, मोजून घेतात त्या घरात चमचा हरवला की मलाच हरवल्यासारखा होतो.

दांडियाबाजार

वाडीतला, तुमच्या प्रतिसादावर विचार करत बसले. तुमचा मुद्दा खरा आहे आणि म्हणून यादी सोडायची नाही, तपासणारं माणूस ठरवायचं. वर मी किंवा माझा नवरा जाणार. पहाटेची गाडी असेल तर आदल्या रात्री. बेनची पाळी आमच्या सहीनंतर सुरू होईल. त्या वर जातील तेव्हा खोलीत काय आहे आणि काय नाही हे आधीच लिहिलेलं असेल. बेनना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही आधी जा, मग मी झाडू घेऊन येते." बाकी काही बोलल्या नाहीत.

पाव्हणा_पुणेरी यांची सूचना घेतली, आल्या आल्या दाखवणार. खुर्चीवरचा पांढरा गोलही त्यात लिहिला आहे, पुढच्याच्या माथी नको.

कमाटीबाग, जुनेपणाचं भाडं मी जास्त लावते हे बरोबर. पण तुमचा न्याय लावला तर देवळात दागिने घातले म्हणून मूर्तीचंच चुकलं. वस्तू दिसते म्हणून ती न्यायची मुभा मिळत नाही. बाकीचा पानाचा डबा तिथेच राहणार आहे.

कमाटीबाग

मूर्तीसमोर कुलूप लावलेली जाळी असते, ताई. तुम्हीही तेच करा, काचेचं कपाट घ्या. फोटोतही दिसेल, हातालाही लागणार नाही. सही घेण्यापेक्षा हे सभ्य.

दांडियाबाजार

काचेच्या कपाटात ठेवलेल्या अडकित्त्याने सुपारी कातरता येत नाही. मागच्या वर्षी नागपूरचं एक म्हातारं जोडपं राहून गेलं, त्यांनी रोज जेवणानंतर तो वापरला आणि जाताना सुपारीचं पाकीट डब्यात भरून ठेवलं. असे पाहुणे मला हवे आहेत, म्हणून वस्तू हाताशीच ठेवणार.

गोत्रीरोड

यादीचा नमुना इथे टाका ना. चमचे धरून करणार का?

दांडियाबाजार

चमचे, कप, टॉवेल, हँगर काही नाही. तिथे कमाटीबाग यांचं ऐकलं, ते भाड्यात. एका पानावर दहा-बारा ओळी : पानाचा डबा आणि आतलं सगळं, समई, दोन खुर्च्या, झोपाळ्याच्या पितळी कड्या, भिंतीवरचं घड्याळ, मिक्सर, इस्त्री, किल्ल्या. प्रत्येकासमोर आत्ताची अवस्था. वर एक वाक्य, वकीलसाहेबांना दाखवून लिहिलेलं : काही फुटलं तर सांगा, सांगितलेल्या फुटीचे पैसे घेत नाही.

रावपुरा_वकील

मला दाखवलं होतं तेव्हा "घेत नाही" च्या जागी "शक्यतो घेत नाही" होतं. तेच ठेवा.

कमाटीबाग

"शक्यतो" वाचलं की मी तरी दुसरं घर बघेन.