रि: रि: डेव्हिसची उशी आणि आठ मिनिटं

प्रेषक: मीनल

मंडळी, लिंकनच्या काळातले अमेरिकन न्यायमूर्ती डेव्हिस यांच्यावरच्या आपल्या नाटुकल्याची शनिवारी तालीम. जिरेटोपाचा झाला तसा गोंधळ नको, म्हणून आत्ताच विचारते: न्यायमूर्ती डेव्हिसांच्या पोटाला उशी कोण आणतंय? सोफ्याची नको, घसरते. माणूस तीनशे पौंडांच्या घरातला, आपला नायक जेमतेम सत्तर किलोचा. आणि संहिता चौदा मिनिटांची झालीय, आपल्याला मिळालीत आठ. १८७७ चा प्रवेश उडवू का?

प्रेषक: अविनाश

उडवायचाच तर सर्किटचा, म्हणजे कोर्ट गावोगाव फिरायचं तेव्हाचा, प्रवेश उडवा. खानावळीत वकील एका पलंगावर दोघं-दोघं, न्यायमूर्तींना मात्र अख्खा पलंग, यावर हशा येईल, कबूल. पण मिलिगन खटल्याला हात लावू नका. १८६२ मध्ये लिंकननेच यांना सुप्रीम कोर्टावर नेमलं. लिंकनच्याच काळात लष्कराने मिलिगनला पकडलं आणि लष्करी आयोगाने फाशी सुनावली. आणि १८६६ मध्ये याच डेव्हिसनी निकाल लिहिला की नेहमीची कोर्टं चालू असताना सामान्य नागरिकावर असा खटला चालवता येत नाही. शेवटी मी 'इलिनॉयचे रामशास्त्री' असं वाक्य घातलंय, ते कृपया राहू द्या.

प्रेषक: शरदकाका

रामशास्त्री कशाला? शास्त्रीबुवांनी राघोबादादांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणं सोडलं. इथे निकाल लागला तेव्हा लिंकन हयात नव्हते. डेव्हिसनी कोर्ट सोडलं ते सिनेटसाठी, १८७७ मध्ये. खरी मजा तिथेच आहे. अध्यक्षपदाची निवडणूक हेज जिंकले की टिल्डन, या वादाला पंधरा जणांचं कमिशन, त्यात पक्षाप्रमाणे सात-सात, पंधरावे हे येणार असा सगळ्यांचा हिशोब. ऐन वेळी इलिनॉयच्या विधिमंडळात डेमोक्रॅटांनी यांना सिनेटवर निवडून दिलं आणि यांनी कमिशनवर बसायलाच नकार दिला! जागी ब्रॅडली आले, आठ विरुद्ध सात, हेज अध्यक्ष. हा प्रवेश जाता कामा नये. मी मंडळाचा अध्यक्ष असताना ब्लूमिंग्टनचा त्यांचा वाडा बघायला दोन व्हॅन भरून नेल्या होत्या. एक काकू तर गालिचा बघून चपला हातात घेऊन फिरल्या.

प्रेषक: स्वाती

काका, त्या माझ्या सासूबाई. आणि चपला नव्हे, बूट होते. व्हॅनही एकच होती, दुसरी डेकेटरलाच बंद पडली.

प्रेषक: अविनाश

व्हॅनचं राहू द्या. लिंकन हयात नव्हते म्हणून निकाल सोपा होता का? नेमणूक कोणाची, हे सगळ्या देशाला ठाऊक होतं.

प्रेषक: शरदकाका

सोपा होता असं मी म्हटलेलंच नाही. पुन्हा वाचावे.

प्रेषक: मीनल

मिलिगन चार मिनिटं, कमिशन चार मिनिटं. सर्किटचा पलंग गेला, रामशास्त्रीही गेले. उशी?

प्रेषक: स्वाती

माझ्याकडे बाळाची जुनी दुलई आहे. चौघडी करून ओढणीने आवळून बांधा, हलणार नाही. फक्त परत द्या. दिवाळीचे माझे दोन डबे अजून कोणाकडे तरी आहेत.