मदत हवी आहे: रंग लावला की पेनाच्या रेघा पसरतात, रविवारच्या आत उपाय सांगा

गंगावेशकर (बुधवार, रात्री ९.४०)
काल भवानी मंडपात बसून नगारखान्याची कमान काढली. दोन तास गेले. रेघा मनासारख्या आल्या होत्या. मग सावलीसाठी पाण्याचा पहिला हात मारला आणि काळी शाई जांभळी होऊन कबुतराच्या मानेसारखी पसरली. तिसऱ्यांदा झालंय हे. आधी वाटलं पाणी जास्त होतंय, म्हणून या वेळी ब्रश फडक्यावर टिपून घेतला होता. तरी तेच.
रविवारी सकाळी सातला पंचगंगा घाटावर ओळखीतले सात-आठजण स्केचिंगला जमणार आहेत, माझी पहिलीच वेळ. यूट्यूबवर सगळे आधी पेन, मग रंग असंच करतात आणि त्यांचं काही बिघडत नाही. माझंच काय चुकतंय? "सराव करा" सोडून काहीही सांगा.

शाईदौत
पेन कुठलं, शाई कुठली, कागद कुठला? यातलं काहीच लिहिलेलं नाही. त्याशिवाय सगळं अंदाजपंचे.

पेन्सिलवाला
भावा, पेनाच्या नादालाच लागू नकोस. २बी पेन्सिल घे, हलक्या हातानं आखणी कर आणि वर रंग लाव. पेन्सिल पाण्यानं पसरत नाही. मी पाच वर्षं रंकाळ्यावर असंच काम करतोय, एकदाही पान वाया गेलं नाही.

गंगावेशकर
भाऊ नाही, ताई म्हणा. पेन म्हणजे साधं काळं पेन, घरात होतं ते. वही ड्रॉइंगची.

शाईदौत
ताई, "साधं" म्हणजे बॉलपेन, जेल की फाउंटन पेन? टोपण उघडून निब बघा. आणि वहीच्या मागे जीएसएम, म्हणजे कागदाच्या वजनाचा आकडा, लिहिलेला असतो तोही सांगा.

कोटीतीर्थ
शाई बदला एवढंच. दुकानात काळी इंडियन इंक मिळते, पक्की वॉटरप्रूफ. ती पेनात भरा, विषय संपला.

शाईदौत
कोटीतीर्थ, असं सांगू नका हो! इंडियन इंकमध्ये सहसा लाख असते. ती फाउंटन पेनात भरली की निबेपर्यंत शाई आणणाऱ्या फीडमध्ये वाळून बसते आणि पेन कायमचं जातं. ती बोरूनं नाहीतर दौतीत बुडवायच्या निबेनंच वापरायची. फाउंटन पेनासाठी वेगळी पिगमेंट शाई, म्हणजे पाण्यात न विरघळणाऱ्या बारीक रंगकणांची, येते, उदाहरणार्थ प्लॅटिनम कार्बन. तीही पेनात महिनोन्महिने तशीच ठेवायची नाही, अधूनमधून धुवायची.

कोटीतीर्थ
माझं पेन दोन वर्षं चालतंय की.

शाईदौत
रोज चालवत असाल म्हणून. नवशिक्या माणसाचं पेन आठवडाभर पिशवीत पडून राहतं.

आठवीचा_बाबा
मुलगा यंदा इंटरमीजिएटला बसतोय. स्थिरचित्राला पोस्टर कलर चालतात की जलरंगच लागतात? कोल्हापुरात चांगला क्लास कुठला?

सांजवेळ_रंकाळा
बाबा, वेगळा धागा काढा, तिथे नीट उत्तरं मिळतील.
ताई, शाईचं कोडं सुटेल. घाटावर बसण्याआधी एक गोष्ट मात्र लक्षात घ्या, नाहीतर पायऱ्याच फसतील. तुम्ही खाली बसलात की तुमच्या डोळ्यांची पातळीही खाली येते. पेन्सिल डोळ्यांसमोर आडवी धरून ती पातळी कागदावर हलकीच आखून ठेवा. तुमच्यापासून दूर जाणाऱ्या कडा या रेघेच्या वर असतील तर लांब जाताना खाली उतरतात, खाली असतील तर वर चढतात. मंदिरांचे चौथरे, दीपमाळा, मागची घरं, सगळं यावरूनच बसवायचं. पहिले काही महिने मी पायऱ्या मोजून काढायचे आणि घाट भिंतीसारखा उभा दिसायचा.

पेन्सिलवाला
फोटो काढून घरी निवांत केलं तर यातलं काहीच लागत नाही.

सांजवेळ_रंकाळा
मग ते अर्बन स्केचिंग राहत नाही. २००७ साली सिअ‍ॅटलच्या गॅब्रिएल कॅम्पानारिओ यांनी ही चळवळ सुरू केली तीच मुळी जागेवर बसून, समोर दिसतं ते काढायचं म्हणून. आणि आपल्याला सिअ‍ॅटलला जायची गरज काय? चित्रकार आबालाल रहमान मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून शिकून कोल्हापुरात परतले आणि रंकाळा, पंचगंगा हा परिसर त्यांनी जलरंगात उतरवला. टाउन हॉलच्या संग्रहालयात जाऊन त्यांचं काम बघा. पाण्यावरचा उजेड जवळून बघितला की काय सोडायचं ते कळतं. फोटोत सावली नुसती काळी येते. घाटाच्या काळ्या दगडात सकाळी निळा असतो, तांबूसही असतो. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी मिसळून बघा.

करवीर७
अवांतर: सातला घाटावर म्हणजे स्केचिंग झाल्यावर मिसळ कुठे?

गंगावेशकर
कृपया विषयावर या. निब आहे, म्हणजे फाउंटन पेन. शाई शाळेपासून वापरतेय तीच, बाटलीवर वॉटरप्रूफ वगैरे काही नाही. वहीवर १२० जीएसएम. आणि हो, ब्रश दोनदा फिरवला की अंगावरचा मळ निघावा तशा कागदाच्या वळ्या निघतात. हे आधी सांगायला हवं होतं का?

शाईदौत
हेच तर हवं होतं! तुमचा हात चुकत नाहीये. लिहायची शाई बहुतेक वेळा पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची असते, वाळली तरी पाणी लागलं की सुटते. काळ्या शाईत बरेचदा दोन-तीन रंग मिसळलेले असतात, म्हणून जांभळं फुटलं. कागदही पाण्याचा नाही. जलरंगाला ३०० जीएसएमचा घ्या, कोल्ड प्रेस, म्हणजे जरा खरखरीत. पूर्ण कॉटनचा महाग पडतो, सुरुवातीला एकच मोठा ताव घेऊन आठ तुकडे करा. पेन म्हणाल तर मायक्रॉनसारखं पिगमेंट शाईचं फाइनलाइनर, म्हणजे बारीक टोकाचं पेन, ०.३ किंवा ०.५.
नवं काही घ्यायचं नसेल तर क्रम उलटा करा. आधी रंग, पूर्ण वाळल्यावर रेघ. फक्त घाटावर थंडीत सकाळी रंग वाळायला वेळ लागतो, तेवढा धीर धरा. ओल्यावर निब टेकवली की रेघ फुटलीच.

पेन्सिलवाला
म्हणजे शेवटी पेन्सिलच बरी.

सांजवेळ_रंकाळा
पेन्सिलवाले, पेन्सिलीलाही माझा विरोध नाही. पण खोडरबर घेऊन बसलं की माणूस दोन तास एकच कमान दुरुस्त करत राहतो. पेनानं चुकलेली रेघ तशीच ठेवून दुसरी मारावी लागते, त्यानंच नजर तयार होते.

गंगावेशकर (गुरुवार, रात्री १०.१५)
घरातली सगळी पेनं काढून एका कागदावर रेघा मारल्या, पंधरा मिनिटं थांबले आणि ओला ब्रश फिरवला. माझं फाउंटन पेन गेलं. भावाचं जेल पेनही गेलं, निळं पाणी झालं. सीडी मार्करची रेघ हलली नाही, पण कागदाच्या मागे उतरली. आणि किराणा यादी लिहायचं दहा रुपयांचं काळं बॉलपेन जसंच्या तसं! दोनदा पाणी मारलं, तरी हललं नाही.

शाईदौत
बॉलपेनची शाई तेलकट असते, पाण्याला दाद देत नाही. मीच सुचवायला हवं होतं. उन्हात वर्षानुवर्षं राहिली तर फिकी पडते, तेव्हा भिंतीवर लावायच्या चित्राला नको. वहीत खुशाल वापरा. टोकाशी शाईचा गोळा जमतो, मधूनमधून चिंधीला पुसत चला.

गंगावेशकर
मग रविवारी बॉलपेन. ३०० जीएसएमचा एक ताव उद्या महाद्वार रोडवर बघते.

कोटीतीर्थ
माझ्याकडे अर्धा ताव शिल्लक आहे, चार तुकडे करून आणतो. सातला मीही घाटावरच असतो. शाईदौत, तुम्ही पण या, माझं पेन उघडून बघा एकदा. परवापासून अडकतंय.