फॉर्म्युला ई बघायला लंडनला जायचंय: बसायचं कुठे? (सोबत बाबा आणि मुलगा)

कळवेकर | ९ मार्च २०२५

नमस्कार मंडळी,

जुलैच्या शेवटी, २६ आणि २७ तारखेला, लंडनमध्ये फॉर्म्युला ईच्या (विजेवर चालणाऱ्या रेसिंग गाड्यांच्या स्पर्धेच्या) या हंगामातल्या शेवटच्या दोन शर्यती आहेत. धाकटी बहीण लंडनमध्येच, ईस्ट हॅमला राहते. गेली तीन वर्षं 'या, या' म्हणून मागे लागलीय. यंदा जायचं नक्की केलं. बरोबर बाबा (वय ७१) आणि मुलगा (आठवीत). बायकोला रजा मिळत नाहीये.

बाबांबद्दल थोडं सांगतो, कारण सगळा घाट त्यांच्यासाठीच आहे. ३२ वर्षं कळवा कारशेडमध्ये लोकलच्या ट्रॅक्शन मोटरींवर (गाडी ओढणाऱ्या विजेच्या मोटरींवर) काम केलं. १५०० व्होल्ट डीसीच्या जुन्या गाड्यांनी सुरुवात केली आणि निवृत्त झाले तेव्हा २५ हजार व्होल्ट एसीच्या गाड्या आल्या होत्या. मुलगा टीव्हीवर शर्यत लावतो तेव्हा ते पेपर घडी करून बाजूला ठेवतात. कोण पुढे, कोण मागे याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. एकच विचारतात, "ब्रेक मारल्यावर करंट किती परत येतो रे?" मला ते त्यांना एकदा समोर दाखवायचंय.

आता अडचणी. तिकिटांच्या पानावर स्टँडची नावं आहेत, पण कुठून काय दिसतं ते कळत नाही. दोन्ही दिवस जावं की एकच पुरे? बाबांच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, एका दमात फार चालवत नाही. आवाजाचा त्रास होईल का? जाणकारांनी कृपया सांगावं.

खारघरची टेकडी | ९ मार्च

लंडन पाहिलेलं नाही, पण फेब्रुवारी २०२३ ला हैदराबादची शर्यत पाहिली आहे. भारतात आजवर झालेली फॉर्म्युला ईची ती एकमेव शर्यत. पुढच्या वर्षीची ऐन वेळी, जानेवारीत, रद्द झाली. आम्ही चौघं कल्याणहून हुसेनसागर एक्सप्रेसने गेलो आणि नामपल्लीला उतरून खऱ्याखुऱ्या हुसेनसागराच्या काठी शर्यत बघितली!

ज्यांनी स्ट्रीट सर्किट पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: नवी मुंबईतल्या पामबीच रोडचा एक तुकडा बंद केलाय अशी कल्पना करा. दोन्ही कडांना माणसाच्या कमरेइतके सिमेंटचे ठोकळे एकाला एक लावलेले, त्यांच्यावर उंच तारेची जाळी, नवं डांबर, ड्रेनेजची झाकणं वेल्डिंग करून पक्की केलेली. शर्यत झाली की सगळं उचलून रस्ता पुन्हा रिक्षा-बसना मोकळा. हैदराबादला असा २.८३ किलोमीटरचा आणि १८ वळणांचा ट्रॅक होता.

आता मुद्द्याचं. आम्ही चूक केली ती तुम्ही करू नका. 'सरळ रस्ता म्हणजे वेग दिसणार' असं धरून सरळ भागातल्या स्टँडची तिकिटं घेतली. गाडी जाळीमागून येते, मान वळेपर्यंत गेलेली असते. बावीस गाड्या गेल्या की पुढची फेरी येईपर्यंत रिकामा रस्ता बघायचा. त्या दिवशी सॅम बर्डने स्वतःच्याच टीमच्या मिच इव्हान्सला वळणावर ठोकलं. जाग्वारच्या दोन्ही गाड्या एका फटक्यात मागे. मैदानावर हजर असूनही आम्हाला ते फक्त मोठ्या पडद्यावर दिसलं. शेवटी जाँ-एरिक व्हर्नने निक कॅसिडीला फेरीमागून फेरी अडवून धरलं, तेही पडद्यावरच.

म्हणून नकाशा उघडा, लांब सरळ रस्ता संपून जिथे अरुंद वळण येतं ती जागा शोधा, आणि तिथलंच तिकीट काढा. पडदा दिसतो ना, तेही बघा. आणि टोपी विसरू नका. हैदराबादेत दुपारच्या उन्हात आमचे चेहरे भाजून निघाले होते.

तीन हात नाका | १० मार्च

कळवेकर, वाईट वाटून घेऊ नका, पण मनापासून विचारतो. शाळा बुडवून, वडिलांना गुडघ्याचा त्रास असताना एवढ्या लांब नेण्यापेक्षा घरी टीव्हीवर जास्त नीट दिसत नाही का? मी स्वतः फॉर्म्युला वन दरवेळी घरीच बघतो. क्रम, वेळा, रिप्ले, सगळं समोर असतं.

ऐरोलीची अनु | १० मार्च

तीन हात नाका, दिसतं जास्त, हे खरं. पण गाडी ब्रेक मारते तेव्हाचा तो आवाज टीव्हीवर येतच नाही. समालोचनाखाली दबून जातो. आणि कळवेकरांच्या बाबांना नेमकं तेच ऐकायचंय.

मी २०२१ ते २०२४ लंडनला होते, २०२३ चे दोन्ही दिवस पाहिले. सविस्तर लिहिते.

जागा एक्सेल सेंटरची. वाशीचं सिडको एक्झिबिशन सेंटर डोळ्यासमोर आणा, ते अनेक पटींनी मोठं करा आणि गोदीच्या पाण्याकाठी ठेवा. सुरुवातीची रेषा आणि पिट (टीमची गाड्या तयार करायची जागा) इमारतीच्या आत! गाड्या हॉलमधून सुटतात, दारातून बाहेर उजेडात येतात, गोदीच्या बाजूने फिरून परत आत शिरतात. पेट्रोलच्या गाड्या असत्या तर धुराने हॉल भरून गेला असता. आतली जमीन गुळगुळीत सिमेंटची आणि बाहेर डांबर, त्यामुळे एकाच फेरीत टायरची पकड दोनदा बदलते.

पावसात तर विचारू नका. रविवारी, ३० जुलैला, धो धो पाऊस आला. शर्यत सेफ्टी कारच्या (सगळ्यांना हळू चालवत पुढे ठेवलेल्या गाडीच्या) मागे सुरू केली, मग लाल झेंडा, म्हणजे शर्यत थांबवली, मग नुसती वाट बघणं. आत कोरडं आणि बाहेर पाणीच पाणी. दारातून बाहेर पडणारी प्रत्येक गाडी मागे पाण्याचा पांढरा पडदा सोडत होती, मागच्या ड्रायव्हरला काय दिसत असेल देव जाणे. तो दिवस कॅसिडीने जिंकला. अजिंक्यपद मात्र आदल्या दिवशीच जेक डेनिसने घरच्या प्रेक्षकांसमोर पक्कं केलं होतं. थोडक्यात, जुलै असला तरी रेनकोट घ्या. छत्री नको, मागच्याला दिसत नाही.

एक दिवस की दोन? फॉर्म्युला ईचं बरं असतं, पात्रता फेरी (शर्यतीत कोण कुठून सुटणार ते ठरवणारी) आणि शर्यत एकाच दिवशी. दोन शर्यतींच्या शनिवार-रविवारी तर दोन्ही दिवशी दोन्ही. म्हणजे एका तिकिटात पूर्ण दिवस वसूल. बाबांसाठी एक दिवस घ्या. मुलाला हवाच असेल तर दुसऱ्या दिवशी तुम्ही दोघं जा, बाबा तुमच्या बहिणीकडे आराम करतील. सकाळची पात्रता फेरी मात्र चुकवू नका. शेवटी दोन-दोन गाड्यांची झुंज असते, नवख्यालाही लगेच समजते.

चालण्याचं: ईस्ट हॅमहून डिस्ट्रिक्ट लाइनने वेस्ट हॅम, तिथे डीएलआर (लंडनची हलकी मेट्रो) पकडून कॅनिंग टाउन, आणि तिथून बेक्टनकडची गाडी घेऊन कस्टम हाउस. उतरलात की एक्सेल समोरच. डीएलआरला सगळीकडे लिफ्ट किंवा रॅम्प आहे, आपल्या ठाण्यासारखे जिने चढावे लागणार नाहीत. तरी तिकीट घेतानाच गुडघ्याचं आयोजकांना मेलने कळवा, कमी पायऱ्यांची जागा मागा.

आवाजाने कान बधिर होत नाहीत. शेजारच्याशी गप्पा मारता येतात.

घंटाळी | ११ मार्च

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, ईव्हीच्या पॉवरट्रेनवरच (मोटर, बॅटरी वगैरे यंत्रणेवर) नोकरी आहे. त्यांना हे वाचून दाखवा.

लोकलमध्ये ब्रेक मारल्यावर मोटर जनरेटर झाली की करंट ओव्हरहेड वायरला जातो आणि त्या भागातली दुसरी गाडी तो खाते. इथे वायर नाही, तो आपल्याच बॅटरीत परत घ्यायचा. आत्ताच्या गाडीत मागची मोटर ३५० किलोवॉटपर्यंत ढकलते. पण थांबवताना मागची ३५० आणि पुढची २५० मिळून ६०० किलोवॉट खेचून घेतात. म्हणजे गाडी पळते त्यापेक्षा जास्त ताकदीने वीज परत घेते. मागची चाकं थांबवायला नेहमीचे ब्रेक वापरतच नाहीत, काम मोटरच करते. शर्यतीत खर्च होणाऱ्या ऊर्जेतली सुमारे ४० टक्के अशी ब्रेकमधून आलेली असते.

आणि बॅटरीतली वापरता येणारी ऊर्जा किती? ३८.५ किलोवॉट-तास. आपल्या सोसायटीत उभ्या असलेल्या ४०.५ च्या इलेक्ट्रिक नेक्सॉनपेक्षाही कमी! त्यामुळे पूर्ण शर्यत पेडल दाबून पळताच येत नाही. वळणाच्या बरंच आधी ड्रायव्हर पाय उचलतो, गाडी घरंगळू देतो, मग ब्रेक. पुढे राहणाऱ्याला हवा कापावी लागते, त्याची वीज जास्त जाते, म्हणून कित्येकदा पहिला नंबर कुणालाच नको असतो. पडद्यावर प्रत्येकाची शिल्लक वीज टक्क्यांत दिसते. मुलाला सांगा, नंबर बघू नकोस, टक्के बघ. मागून येणाऱ्याकडे दोन टक्के जास्त असतील तर शेवटच्या फेऱ्यांत तोच झडप घालणार.

मुलासाठी आणखी एक गोष्ट. याच एक्सेलमध्ये २५ जुलै २०२१ ला महिंद्राच्या अ‍ॅलेक्स लिनने शर्यत जिंकली होती. त्याच शर्यतीत लुकास दी ग्रासीने डोकं लढवलं. सेफ्टी कारमागे सगळे मुंगीच्या पावलांनी चाललेले, हा पिटमध्ये घुसला आणि दुसऱ्या टोकाने सगळ्यांच्या पुढे निघाला. पिटमध्ये गाडी पूर्ण थांबवायचा नियम त्याच्याकडून पाळला गेला नाही, दंड झाला, तोही त्याने भोगला नाही, शेवटी काळा झेंडा, म्हणजे शर्यतीतून बाद. महिंद्राची टीम २०१४ साली बीजिंगला झालेल्या पहिल्या शर्यतीपासून आहे. आपला झेंडा घेऊन जा.

नेरूळ सेक्टर सहा | ११ मार्च

टोकियोचा विचार केलात का? १७-१८ मेला आहे, शाळेला सुट्टी असते. बिग साइटजवळचा खरा सार्वजनिक रस्ता आहे, गोदीतला हॉल नाही. अर्थात बहीण टोकियोत नाही, तेव्हा राहण्याचा खर्च वेगळा धरावा लागेल.

कळवेकर | १२ मार्च

सगळ्यांचे मनापासून आभार. घंटाळी, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. ६०० चा आकडा ऐकून त्यांनी दोनदा विचारलं, "सहाशे? नक्की?" मग कपाटातून जुनी वही काढून बसले.

टोकियो मोहाचं आहे, पण बहिणीकडेच जातो. वर्गशिक्षकांशी बोललोय, युनिट टेस्टच्या आधी परत येऊ. व्हिसाचा अर्ज कधी करावा?

ऐरोलीची अनु | १२ मार्च

प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो, म्हणजे एप्रिलच्या शेवटी. मुदत सुरू झाली की थांबू नका, लगेच करा. बाबांचे पेन्शनचे कागद आणि बँकेचं स्टेटमेंट, बहिणीचं बोलावण्याचं पत्र आणि तिच्या घराचा पुरावा जोडा. मुलाच्या अर्जाला आईचं संमतिपत्र लावा, ते बरेचजण विसरतात.

कळवेकर | ६ ऑगस्ट २०२५

जाऊन आलो. उशीर झाला लिहायला, जेट लॅग आणि ऑफिस.

बाबांनी शनिवार पाहिला, मी आणि मुलाने दोन्ही दिवस. जागा तुम्ही सांगितलीत तशीच घेतली, बाहेरच्या भागात, ब्रेकिंगच्या वळणाला. पहिली गाडी सरावात समोरून गेली तेव्हा बाबांनी डोळे मिटले. मला वाटलं, त्रास होतोय. पण ते ऐकत होते. आधी बारीक, चढत जाणारी शीळ, मग पाय उचलल्यावर क्षणभर काहीच नाही, आणि मग ब्रेकला तीच शीळ खाली उतरत येते, टायर करकरतात. चौथ्या-पाचव्या गाडीनंतर म्हणाले, "सीमेन्सची लोकल प्लॅटफॉर्मला लागताना असाच सूर उतरतो. फक्त तिथे अर्धा मिनिट लागतो, इथे दोन सेकंद." त्यानंतर ते पडद्याकडे फार वळलेच नाहीत. प्रत्येक ड्रायव्हर पाय कुठे उचलतो ते जाळीच्या खांबांवरून मोजत होते. शर्यत संपायच्या आत त्यांना न बघता सांगता येत होतं की कोण वीज वाचवतोय.

दोन्ही दिवस कॅसिडी जिंकला. महिंद्राचा निक डी व्रीस दोन्ही दिवस पोडियमवर, त्यामुळे मुलाचा घसा बसला.

पुढच्यांसाठी व्यवहाराचं. कस्टम हाउसहून आत जायला सपाट रस्ता आहे, पण आत हॉल लांबच लांब आहेत. बाबांसाठी घडीचं स्टूल नेलं होतं, ते सुरक्षा तपासणीत आत नेऊ दिलं नाही. काठी चालते. शर्यत संपल्याबरोबर स्टेशनला गर्दी उसळते, आम्ही तासभर गोदीच्या कठड्याशी बसून राहिलो. बहिणीने दिलेले पराठे तिथेच खाल्ले.

घंटाळी, बाबांचा एक प्रश्न राहिलाय. बॅटरी भरलेली असताना, पहिल्या एक-दोन फेऱ्यांत, ब्रेकची वीज घ्यायला जागा नसेल तर ती जाते कुठे? लोकलमध्ये घेणारी दुसरी गाडी नसली की काय करायचं ते त्यांना माहीत आहे. इथलं कळत नाहीये, आणि रोज सकाळी चहाला विचारतायत.

घंटाळी | ६ ऑगस्ट

काय प्रश्न आहे! बॅटरी काठोकाठ भरलेली असली की ती वीज कमी घेते, तेव्हा पुढच्या चाकांच्या डिस्कना जास्त काम करावं लागतं. ब्रेकचा समतोल पुढे सरकतो आणि गाडी वेगळी वागते. बाबांना रविवारी चहाला माझ्याकडे घेऊन या, कागदावर आकृती काढून दाखवतो. वहीही आणायला सांगा.