शब्दचर्चा : बिजन, कत्तल आणि ‘बेभान झालेलं सैन्य’

प्रश्न

१८५८ सालच्या झाशीबद्दल वाचताना ‘शहरात बिजन झाले’ असं वाक्य आलं. हे संस्कृत ‘विजन’ आहे का? ‘कत्तल’पेक्षा यात वेगळं काय? मुलीला मी ‘लढाईनंतर सैनिक बेभान झाले’ असं समजावलं. तिने लगेच विचारलं, मग त्यांना कुणी थांबवलं का नाही? मला उत्तर देता आलं नाही.

प्रतिसाद

‘विजन’ म्हणजे निर्जन. काही ठिकाणी बिजनऐवजी तसंच छापलेलं दिसतं, त्यामुळे घोटाळा होतो. बिजन आलं फारसीतून. ‘ज़दन’ म्हणजे मारणे, आणि त्याचं आज्ञार्थी रूप ‘बिज़न’, म्हणजे ‘मार!’ हुकूमच पुढे सरसकट कत्तलीचं नाम झाला. कत्तल हा शब्द झालेल्या कृत्याचा. बिजनमध्ये हुकूम देणारा तोंड उघडून उभा आहे. म्हणून मला हा शब्द फार मोलाचा वाटतो.

‘बेभान’ने मात्र माझं समाधान होत नाही. ‘माझा प्रवास’ लिहिणारे वरसईचे विष्णुभट गोडसे त्या दिवसांत झाशीत अडकले होते. त्यांनी लिहिलेली लूट आठवा. रोज एकेका पलटणीची पाळी. गोऱ्यांनी सोनं, चांदी, रोकड न्यायची, मग मद्रासी शिपायांनी तांब्या-पितळेची भांडी, मग दुसऱ्यांनी कपडे, मग धान्य. भान सुटलेला माणूस पितळेच्या हंड्याला हात न लावता पाळीची वाट बघतो का?

दिल्लीचंही तेच. २२ मार्च १७३९ ला नादिरशहाने चांदणी चौकातल्या सोनेरी मशिदीतून कत्तले-आमचा हुकूम दिला. आदल्या रात्री तो मेल्याची आवई उठून त्याचे शिपाई मारले गेले होते, हे निमित्त. हजारो माणसं मेली. मग मोगल बादशहा महंमदशहाच्या विनवणीवरून त्याने थांबायला सांगितलं, आणि त्याच दिवशी ते थांबलं. थांबवता येत होतं तर सकाळीही थांबवता आलं असतं.

उपप्रतिसाद

हे पटतं, पण अर्धंच. राग नव्हताच असं म्हणू नका. जून १८५७ मध्ये झाशीच्या झोकनबागेत साठेक युरोपियन मारले गेले, त्यात बायका आणि लेकरं होती. ती चीड घेऊनच इंग्रजांचे शिपाई आत शिरले. आणि मी नागपूरची आहे, म्हणून एक शब्द मला इथे टाकायलाच हवा : ‘बर्गी’. आपला बारगीर, सरकारी घोड्यावरचा स्वार. रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून बंगालवर गेल्या, आणि तिथे हा शब्द लेकरांना भीती घालायचा झाला. अंगाईत आजही आहे. एका बंगाली मैत्रिणीने ती म्हणून दाखवली तेव्हा मला मान वर करवेना. आपण त्याला ‘मुलुखगिरी’ म्हणतो.

प्रतिसाद

बर्गीची आठवण दिलीत ते बरं केलंत. मुलुखगिरी हा शब्दही लपवणाराच. ज्याच्या घरात घोडी शिरली त्याने तो केलेला नाही.

राग मीही मान्य करतो. व्हिएतनाममधलं माय लाय गाव घ्या. १६ मार्च १९६८. अमेरिकी सैन्याच्या चार्ली कंपनीची माणसं आधीचे आठवडे सुरुंगांवर पडली होती, शत्रू मात्र दिसत नव्हता. दोनच दिवसांपूर्वी एक सार्जंट गेला होता. एवढं धुमसत असताना आदल्या संध्याकाळी त्यांना सांगितलं गेलं की गावात उरलेले सगळे शत्रूचेच. गावातून प्रतिकार झालाच नाही. तिथल्या नोंदीत ५०४ बळी आहेत. आणि मध्येच ते जेवायला थांबले. मी तिथे वाचायचा थांबतो दर वेळी.

त्याच गावावर ह्यू थॉम्पसन हा हेलिकॉप्टर चालक घिरट्या घालत होता. तो आपल्याच सैनिकांच्या आणि गावकऱ्यांच्या मध्ये उतरला. आपल्या दोन साथीदारांना म्हणाला, यांनी लोकांवर गोळ्या झाडल्या तर तुम्ही यांच्यावर झाडा. मग वर तक्रार केली, तेव्हा गोळीबार थांबवायचा हुकूम आला. म्हणजे तुमच्या मुलीच्या प्रश्नाला उत्तर आहे : थांबवणारा एक होता, आणि त्याचं ऐकलं गेलं. पण त्याला पदक मिळायला १९९८ उजाडलं. खून सिद्ध झालेल्या, त्याच कंपनीतल्या लेफ्टनंट कॅलीची जन्मठेप साडेतीन वर्षांच्या नजरकैदेवर आली. असा हिशेब पाहून पुढचा शिपाई काय शिकणार?

टाळणं मात्र छावणीत, फार आधी सुरू होतं. शिवाजीमहाराजांचं चिपळूणच्या छावणीला लिहिलेलं पत्र पाहा. दाणा-वैरण आत्ताच मनमानी उडवलीत तर पावसाळ्यात घोडी मरतील, मग कोणी कुणब्याचे दाणे आणील, कोणी भाकर, कोणी भाजी, आणि रयतेला मोगल बरे वाटतील. त्यात शौर्याचा शब्द नाही. वैरणीचा हिशेब आहे, दिव्याची पेटती वात उंदीर ओढून नेईल इथपर्यंतची काळजी आहे. उपाशी फौज लुटणार, हे ते धरूनच चालले होते.

प्रश्नकर्ती

आभार. मुलीला पत्र आणि थॉम्पसन दोन्ही सांगते. वापराचं तेवढं राहिलं : ‘बिजन झाले’ की ‘बिजन केले’?

प्रतिसाद

दोन्ही चालतं. मी ‘केले’ लिहितो, आणि कोणी केले तेही लिहितो.