सी विंगमागची टेकडी

मीनल, सी ७०१: काल रात्री टेकडीवर परत वणवा. बाल्कनीभर राख, कबुतरांच्या जाळीला वितळून दोन भोकं. कमिटी काही बघणार आहे का?

सेक्रेटरी: मॅडम, जानेवारीचं फायर ऑडिट झालंय. फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, बोर्डावर लावलाय. कृपया घबराट पसरवू नये 🙏

कुलकर्णी काका, ए २०३: हायड्रंटला प्रेशर आहे का?

निखिल, सी ३०४: सर, फॉर्म बी आतल्या सिस्टीमचा. पंप, होज, अलार्म. बाहेरून येणाऱ्या ठिणग्यांचं काय? लॉस एंजेलिसला जानेवारी २०२५ मध्ये १६ हजारांवर बांधकामं गेली. आग लांब असतानाच वाऱ्यावरच्या निखाऱ्यांनी घरं पेटत होती.

देशपांडे, बी ५०२: तिकडे लाकडाची घरं. आपलं आरसीसी.

निखिल: काका, भिंत नाही पेटणार. नायलॉनची जाळी, शेडनेट, डक्टमधली खोकी, पार्किंगवरची फायबर शीट पेटेल. खिडकीची काच तडकली की आत पडदे, सोफा.

शिल्पा, सी ६०२: शेडनेट म्हणजे माझीच ना? सरळ नाव घ्या. दुपारी चारचं ऊन तुमच्या घरात येत नाही.

अमोल, बी १०१: पार्किंग निघालंच आहे तर, व्हिजिटरच्या जागेत महिनाभर उभी असलेली पांढरी गाडी कुणाची?

कुलकर्णी काका: हायड्रंटला प्रेशर आहे का?

रोहन, ए ६०४: यंदा होळीची वर्गणी वाचली म्हणायची 😂

मीनल: हसा. तुमची विंग रस्त्याकडे आहे.

निखिल: निदान भिंतीपासून दीड मीटरचा पट्टा मोकळा करू. ग्लिरिसिडियाचा पाला घोट्यापर्यंत साचलाय, जनरेटरच्या डिझेल टाकीखालीसुद्धा. कंपाउंडबाहेर जाळरेषेसाठी, म्हणजे वणवा अडवायला गवत काढून मोकळ्या केलेल्या पट्ट्यासाठी, वनखात्याला पत्र द्या. वणवा दिसला की वनखात्याच्या हेल्पलाइनला १९२६ लावा, आग भिंतीपाशी आली तर फायर ब्रिगेडला १०१.

शिल्पा: आणि आपला माळी रोज सकाळी तोच पाला कंपाउंडला टेकून पेटवतो, ते?

सेक्रेटरी: त्याला समज दिली जाईल.

अमोल: मागच्या वर्षीही दिली होती.

कुलकर्णी काका: हायड्रंटला प्रेशर आहे का?

सेक्रेटरी: काका, आत्ताच प्लंबरला विचारलं. टेकडीकडच्या हायड्रंटचा व्हॉल्व्ह बंद आहे. गळत होता म्हणून मागच्या कमिटीने बंद केला.

देशपांडे: मागच्या कमिटीवर ढकलू नका. दुरुस्तीचं कोटेशन तुमच्याकडेच पडलंय.